मदत हवी आहे : प्रौढ वयातील लॅरिंगोमलेशिया, शस्त्रक्रिया कोणती करावी?

नमस्कार. लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राचा वरचा भाग सैल पडून श्वास घेताना आत ओढला जाणे, हा दोष माझ्या थोरल्या भावाला (वय ५२) आहे. त्याला जिना चढताना आणि उताणे झोपल्यावर श्वास आत घेताना मोठी घरघर होते. दमा समजून बरीच वर्षे इनहेलर दिले गेले, पण गुण आला नाही. अखेर एका डॉक्टरांनी स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीचा, आलेख नीट पाहिला. श्वास सोडतानाचा भाग जवळजवळ व्यवस्थित होता, आत घेतानाचा मात्र सपाट झाला होता. म्हणजे अडथळा फुप्फुसांत नसून वर घशात असावा. नाकातून दुर्बीण घातल्यावर ते आम्हालाही पडद्यावर दिसले : प्रत्येक श्वासागणिक एपिग्लॉटिस, म्हणजे गिळताना स्वरयंत्रावर येणारे झाकण, मागे घशाच्या भिंतीला जाऊन टेकत होते आणि स्वरयंत्राच्या मागच्या बाजूचे सैल अस्तर आत ओढले जात होते. दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित हलतात.

तान्ह्या बाळांमध्ये हा दोष बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो; दादाच्या बाबतीत तशी आशा नाही. मोठेपणी हा दोष ज्यांमुळे येऊ शकतो, त्या पक्षाघात, डोक्याला मार किंवा घशाला रेडिएशन, यांपैकी काहीही झालेले नाही. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) लावून पाहिले, पण औषधाने झोपवून केलेल्या एंडोस्कोपीत हवेच्या दाबाने झाकण आणखी मागे ढकलले जाताना दिसले, त्यामुळे ते बंद करावे लागले.

सैल अस्तर लेसरने काढावे, याबाबत दोन्ही सर्जनचे एकमत आहे. झाकणाबाबत मात्र एक जण वरचा भाग कापून टाकावा म्हणतात, तर दुसरे ते जिभेच्या मुळाशी टाके घालून पुढे बांधावे असे सुचवतात. कापलेला भाग परत येत नाही, म्हणून माझा कल बांधण्याकडे आहे. परंतु टाके सुटले तर पुन्हा भूल द्यावी लागेल, ही धास्तीही आहे.

यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया प्रौढ वयात झालेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी कृपया सांगावे, की नंतर पाणी-चहा पिताना ठसका किती काळ लागत होता, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला का, आणि व्रण आकसून वाट पुन्हा अरुंद झाली का. आधी गिळण्याची तपासणी करून घेतली होती का, हेही कळवावे. दादा शाळेत शिकवतो, म्हणून आवाजाविषयीचा अनुभवही हवा आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ वाचत असतील, तर आधी फक्त अस्तराची शस्त्रक्रिया करून झाकणाचा निर्णय पुढे ढकलणे योग्य ठरेल का, यावर त्यांनी मत द्यावे, ही विनंती.