फोर्कच्या आधीची ओळ फाइलमध्ये चार वेळा का उमटते?

गोदाकाठ, नांदेड

मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी लिनक्सवर सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. आधी प्रिंटएफने 'सुरुवात' हा शब्द नव्या ओळीच्या चिन्हासह छापला, मग लागोपाठ दोनदा फोर्क केला (म्हणजे चालू प्रोग्रामची, अर्थात प्रोसेसची, नक्कल केली) आणि शेवटी प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा पीआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, छापायला लावला. टर्मिनलवर 'सुरुवात' एकदा आणि पीआयडी चार आले, ते अपेक्षितच होते. आउटपुट फाइलमध्ये वळवले तेव्हा मात्र 'सुरुवात'ही चार वेळा आली. चाइल्ड प्रोसेस, म्हणजे ती नक्कल, फोर्कच्या पुढूनच चालू लागते, असे वर्गात शिकवले आहे. मग ती मेनपासून, म्हणजे प्रोग्रामच्या आरंभापासून, चालली की काय? शिवाय शेलला, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोग्रामला, दुसराच प्रोग्राम चालवायचा असताना आधी स्वतःची नक्कल करण्याचा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

मोंढारोड, लातूर

वर्गात शिकवले ते बरोबर आहे. चाइल्ड मेनपासून चालली असती तर तिने आणि तिच्या प्रत्येक चाइल्डने पुन्हा दोन-दोन फोर्क केले असते, आणि प्रश्न विचारायला तुमचा संगणक शुद्धीवर राहिला नसता. फोर्क बोलावला जातो एकदा, पण परततो दोनदा: पॅरेंटच्या, म्हणजे मूळ प्रोसेसच्या, हाती चाइल्डचा पीआयडी येतो आणि चाइल्डच्या हाती ०. नक्कल करणे जमलेच नाही तर पॅरेंटला -१ मिळतो.

खोड आहे ती बफरची, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवण्याच्या जागेची. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर प्रिंटएफ ओळ संपताच मजकूर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सोपवतो. फाइलकडे जात असेल तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत तो स्वतःजवळच ठेवतो. अडत दुकानातला मुनीम मालाच्या वजनाची कच्ची चिठ्ठी खिशात ठेवतो आणि सायंकाळी ती पक्क्या वहीत चढवतो, तसेच हे आहे. चिठ्ठी खिशात असतानाच मुनिमाची हुबेहूब नक्कल झाली, तर चिठ्ठीचीही होणार. दोन फोर्कनंतर चार मुनीम तेच वजन वहीत चढवणार. तुमची फाइल पुन्हा उघडून पाहा: चारही 'सुरुवात' सलग नसून प्रत्येकीखाली एकेक पीआयडी असेल, कारण प्रत्येक प्रोसेसने आपला खिसा एकदमच रिकामा केला आहे. फोर्कच्या आधी एफफ्लशने बफर रिकामा करा, म्हणजे ओळ एकदाच येईल.

पैठणगेट, छत्रपती संभाजीनगर

उपमा चपखल आहे, फक्त एक पुस्ती जोडतो: मुनिमांची नक्कल होते, वहीची होत नाही. उघडी फाइल आणि तीत पुढे कुठे लिहायचे ती जागा चौघांत सामाईक असते, म्हणूनच एकाचे लिखाण दुसऱ्याच्या अंगावर गेले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच प्रयोगात दडलेले आहे. तुम्ही आउटपुट फाइलमध्ये वळवायला सांगितले, तेव्हा शेलने प्रथम फोर्क केला, त्या चाइल्डने ती फाइल उघडून १ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरला, म्हणजे प्रोग्रामचे आउटपुट जिथून बाहेर पडते त्या वाटेला, जोडली आणि त्यानंतरच एक्झेकने तुमचा प्रोग्राम स्वतःच्या जागी आणला. फोर्क आणि एक्झेक यांच्यामधल्या या फटीमुळे शेलचे स्वतःचे आउटपुट अबाधित राहते आणि तुमच्या प्रोग्रामला काही कळवावेही लागत नाही. विंडोजमध्ये क्रिएटप्रोसेस हे एकच फंक्शन दोन्ही कामे करते. त्यामुळे अशी प्रत्येक सोय त्याच्या लांबलचक आर्ग्युमेंटांतून सांगावी लागते. मला युनिक्सची, म्हणजे लिनक्सही पाळते ती, रीत अधिक सुटसुटीत वाटते. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरच्या युनिक्समध्ये फोर्कला असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, अशी नोंद युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी केली आहे.

नक्कल महागही पडत नाही. लिनक्स सगळी मेमरी लगेच उतरवून घेत नाही. पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, बहुतेक यंत्रांवर ४ केबीचे, दोघांत वाटून ठेवते आणि कोणी लिहायला गेले तरच तेवढ्या पानाची वेगळी प्रत करते.

गोदाकाठ, नांदेड

फाइल पाहिली, जोड्याच निघाल्या. एफफ्लश घातल्यावर 'सुरुवात' एकदाच आली. पॅरेंटचाही पीआयडी छापून पाहिला, तर एका चाइल्डने भलताच क्रमांक दाखवला.

मोंढारोड, लातूर

तिचा पॅरेंट आधीच संपला असणार. अशी पोरकी प्रोसेस १ क्रमांकाच्या प्रोसेसकडे किंवा त्या कामी नेमलेल्या दुसऱ्या प्रोसेसकडे जाते. प्रोग्रामच्या शेवटी, चाइल्ड संपेपर्यंत थांबवणारे वेट दोनदा बोलवा. ज्याला चाइल्ड उरलेले नाही त्याला ते -१ देऊन लगेच परतेल.