मदत हवी आहे : मार्सेलचे १ सप्टेंबर १९४२ चे दावे कसे पडताळावेत?

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ वैमानिक हान्स-योआखिम मार्सेलच्या नावावर पाडलेली १५८ विमानं आहेत, त्यातली १५१ उत्तर आफ्रिकेतली. १ सप्टेंबर १९४२ ला, इजिप्तमधली आलम हाल्फाची लढाई चालू असताना, त्याने एका दिवसात १७ विमानं पाडल्याचा दावा केला. त्यातली बहुतेक पी-४० या अमेरिकी बनावटीच्या लढाऊ विमानाच्या नावाने नोंदलेली आहेत; पण जर्मन वैमानिक ब्रिटिश हरिकेन विमानालाही कधीकधी पी-४० समजत. मला हा एकच दिवस दोस्त राष्ट्रांच्या नोंदींशी ताडून पाहायचा आहे. समोरच्या विमानात कोण होतं हे कळल्याशिवाय नुसता आकडा मला पुरत नाही.

लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकडीची) दैनंदिन नोंदवही, म्हणजे एआयआर २७ मालिका, कुणी चाळली आहे का? दक्षिण आफ्रिकी आणि ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनचं नुकसान त्यातच सापडतं की वेगळीकडे शोधावं? दोन्ही बाजूंच्या वेळा कशा जुळवता? जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागाराशी पत्रव्यवहार केलेल्यांनी तर जरूर लिहा.