खारा वारा आणि चार महिने पाऊस : हर्णैजवळच्या अंगणात कोणती फुलझाडं लावू?

नमस्कार मंडळी,

आमचं घर हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात आहे, किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर. पुढच्या दारी पश्चिमेला तोंड करून १८ बाय १२ फुटांचं अंगण. गेल्या वर्षी तिथे चिऱ्यांची फरशी घातली आणि कडेने दीड फूट मातीची पट्टी मोकळी ठेवली. त्या पट्टीत आणि दहा-बारा कुंड्यांत काय लावावं, हे विचारायला लिहिते आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात जुना रायवळ आंबा होता आणि समोर सुरूचं दाट बन. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आंबा मुळासकट उपटला गेला आणि समोरची बरीच सुरूची झाडंही आडवी झाली. घर वाचलं, पण अंगणाचं छत्र गेलं. सासूबाईंनी वीस वर्षं जपलेली अबोली, मोगरा आणि अनंत त्या आंब्याच्या सावलीत वाढले होते. पुढच्या दोन उन्हाळ्यांत एकेक करून ते वाळले. दुपारनंतर समुद्रावरून जो वारा सुटतो, तो आता थेट ओट्यावर येतो. परवा जास्वंदीचं पान बोटाने पुसून बोट जिभेला लावलं, तर चक्क खारट. पानाच्या कडा विस्तवाने चटका दिल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत आणि कळ्या उमलायच्या आधीच गळतात.

मध्ये एका नर्सरीतून बरीच रोपं आणली. "सगळं चालतं हो तुमच्याकडे" असं सांगून त्यांनी कलमी गुलाब आणि पिटुनिया दिले. पिटुनिया पावसाच्या पहिल्याच आठवड्यात कुजले. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून श्रावणापर्यंत नुसत्या काड्या उरल्या. पैशांपेक्षा सासूबाईंचा चेहरा उतरला त्याचं वाईट वाटलं. सकाळी सहाला परडी घेऊन त्या बाहेर येतात आणि सध्या सदाफुलीची चार फुलं घेऊन आत जातात. गुडघ्यांमुळे त्यांना आता परसात उतरता येत नाही, म्हणून हे अंगणच नीट करायचं आहे.

अडचणी अशा. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेच झाडांना घालावं लागतं. जून ते सप्टेंबर कौलांच्या पागोळ्या बरोबर मातीच्या पट्टीवर पडतात, तिथे चर पडतो आणि माती उडून भिंतीवर बसते. आणि घरात दीड वर्षाची नात आहे, जे दिसेल ते तोंडात घालते. कण्हेर खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही हे माहीत आहे, पण ती विषारी, आणि पिवळी बिट्टीही तशीच. त्यामुळे त्या दोन्ही नकोत. सदाफुलीचंही पान पोटात जाऊ नये म्हणतात, म्हणून त्या कुंड्या आता कट्ट्यावर उंच ठेवल्या आहेत.

मला शोभेची पानं फारशी नको आहेत. देवाला वाहता येतील, वेणीत माळता येतील अशी फुलं हवीत, आणि बाराही महिने काही ना काही फुललेलं असावं. पांढरा चाफा फार मनात आहे, पण पावसात त्याचं खोड मऊ पडून कुजतं का? अनंत पुन्हा लावून बघू का?

---

प्रतिसाद (वेंगुर्ल्याहून)

ताई, आमचीही वाडी समुद्राला लागून आहे, म्हणून लिहितो. आधी वाऱ्याला आडोसा करा, फुलं नंतर. पश्चिमेच्या कडेला एक्झोरा दाटीने लावा. आमच्याकडे तो खारा वारा बराच सोसतो, लाल झुबके जवळजवळ वर्षभर येतात आणि ते देवालाही चालतात. त्याच्या आड अबोली आणि मोगरा पुन्हा जगतील. मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांवरून गोडं पाणी मारा, हंडाभर पुरतं. मीठ पानावर साचू दिलं नाही की कडा जळायच्या कमी होतात.

चाफा जरूर लावा. खाऱ्या वाऱ्याचं त्याला काही वाटत नाही, मुळाशी पाणी तुंबलं तरच तो कुजतो. चिऱ्यांचा गुडघाभर उंच वाफा करून त्यात लावा, मातीत नदीची वाळू मिसळा. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. हिवाळ्यात पानं झडतील, घाबरू नका. फांदी मोडली की चीक येतो, तेवढं मुलीला जपा.

अनंताला आपली तांबडी माती मानवते, पण मचूळ पाण्याने तो पिवळा पडतो. तो कुंडीत, घराच्या पूर्वेला ठेवा आणि त्याला पिण्याचंच पाणी घाला. कुंड्यांखाली चिऱ्याचे दोन तुकडे सरकवा आणि पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढून टाका, म्हणजे भोक मोकळं राहील.

आणि पागोळ्यांच्या जागी दुसरं काही लावूच नका, सोनटक्का लावा. जिथे बाकीची झाडं कुजतात तिथेच तो माजतो. ऐन पावसात संध्याकाळी फुलतो, सगळा ओटा घमघमतो.

---

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. सोनटक्क्याचं नाव ऐकताच म्हणाल्या, "माझ्या माहेरी न्हाणीच्या पाण्यावर होता, केवढाली बेटं." मामांना लगेच फोन झाला, ते रविवारी कंद घेऊन येताहेत. चाफ्याच्या वाफ्यासाठी फरशीतले उरलेले चिरे मागीलदारी आहेतच.

आता एवढंच सांगा, कंद आत्ता मे महिन्यातच पुरून ठेवू, की चार सरी पडून माती भिजल्यावर? आणि त्या चरात नुसते लावले तर पहिल्या पावसात पागोळ्यांनी उघडे पडतील, तर वर सोडणांचा (नारळाच्या सुक्या सालींचा) थर दिला तर चालेल का?