शब्दचर्चा: मोठं विमान 'निवृत्त' होतं, 'ठेवणीत' जातं की 'मोडीत' निघतं?

उद्यमबागकर:
मंडळी नमस्कार, एक शब्द अडलाय. भाचीला कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी कोरोनात त्या अवाढव्य विमानांचं काय झालं यावर मराठीतनं लिहायचंय आणि तिनं सगळीकडं 'निवृत्त' लिहिलंय. एअरबसचं दुमजली ए३८० निवृत्त, बोइंगचं जंबो म्हणजे ७४७ निवृत्त. मला ते खटकायलंय, कारण २०२० ला उभी केलेली कितीतरी ए३८० आज परत उडायलेत. एअर फ्रान्सनं मे २०२० मध्ये आपली ए३८० कायमची बंद केली हे बरोबर, पण ब्रिटिश एअरवेजची बारा होती ती बाराच्या बारा परत आली, लुफ्थान्सानं जून २०२३ मध्ये म्युनिकहून बोस्टनला परत लावलं, इतिहादनं पण त्याच वर्षी बाहेर काढली. मग जे गेलं आणि जे परत आलं त्या दोघांना एकच शब्द कसा लावायचा? तुमच्याकडं काय म्हणतात सांगा.

खानापूरकर:
'धूळ खात पडली' लिहा की, सरळ. पेपरात तसंच येतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

सांबरेवाला:
खानापूरकर, मला हा शब्द अजिबात पटत नाही. विमानांच्या देखभालीत काम केलंय म्हणून जीव तुटतो. धूळ खात पडली म्हणजे कुणी बघायला नाही असा अर्थ होतो, आणि उभ्या विमानाचं काम किती असतं ते ऐका. इंजिनाची तोंडं झाकायची, आत ओल धरू नये म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवायच्या, वेग मोजणाऱ्या त्या बारक्या नळ्या असतात ना, पिटो, त्यांना टोप्या घालायच्या, टाक्यांत बुरशी होऊ नये म्हणून औषध, आणि चाकं अधूनमधून फिरवायची नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटा होतो. ए३८० ला बावीस चाकं आहेत. नळ्यांचं तर २०२० मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनं मुद्दाम बजावलं होतं, कारण उभी विमानं परत उडवताना वेग चुकीचा दाखवायच्या तक्रारी वाढल्या होत्या, नळ्यांत किडे घर करतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीची ए३८० कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटात ठेवली होती, तिथं इंजिनिअर लोक चाकांजवळ जायच्या आधी पाय आपटायचे, दांडक्यानं चाकं ठोकायचे, कारण सावलीला साप आणि विंचू येऊन बसायचे. एवढं करणाऱ्या माणसांच्या कामाला 'धूळ खात' म्हणणं बरं नव्हे.

खानापूरकर:
काका, हे माहीत नव्हतं कुणाला इथं. पण मग वाळवंटातच का नेतात, मुंबईला का ठेवत नाहीत?

सांबरेवाला:
समुद्राची खारी हवा आणि पावसाळा. ॲल्युमिनिअमला गंज धरतो. म्हणून स्पेनमध्ये तेरुएल, ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज, अमेरिकेत मोहावी असल्या कोरड्या जागा. सिंगापूर एअरलाइन्सची ए३८० ॲलिस स्प्रिंग्जलाच होती. आपल्या बेळगावच्या पावसात चार महिने उघड्यावर काय राहतंय ते तुम्हीच सांगा.

निपाणीकर ताई:
चर्चा छान चाललीये म्हणून लिहिते. मी मराठी शिकवते. मला वाटतं उत्तर घरातच आहे: 'ठेवणीतलं'. ठेवणीतली पैठणी आपण टाकलेली नसते, रोज नेसत नाही इतकंच, मधूनमधून उन्हं दाखवतो, घडी मोडून परत घालतो, आणि वेळ आली की बाहेर काढतो. सांबरेवाल्यांनी सांगितलं ते सगळं 'ठेवणीत ठेवणं'च आहे. उलट ज्याचे भाग सुटे करून विकतात त्याला 'मोडीत काढणं'. हा शब्द तर अगदी नेमका बसतो, कारण सोन्याची मोड देताना घडणावळ जाते आणि धातूची किंमत तेवढी येते, विमानाचं तसंच, अख्खं विमान कुणी घेईना तेव्हा इंजिनं, चाकांचा सांगाडा, आतली उपकरणं यांची किंमत धरतात.

हत्तरगीवाला:
ताई एकदम बरोबर. सिंगापूर एअरलाइन्सची सगळ्यात पहिली ए३८० २००७ मध्ये कामाला लागली, ती भाड्याची होती, दहा वर्षांनी मालकाला परत केल्यावर फ्रान्समध्ये तार्बला नेऊन त्या पहिल्या खेपेतली काही मोडली, म्हणजे कोरोनाच्या आधीच. आमच्याकडं हत्तरगीच्या सेझमध्ये एअरबसच्या विमानांचे पार्ट बनतात त्यामुळं हे विषय रोज निघतात, पण बोलताना आम्ही 'पार्किंगला लावलं', 'स्टोरेजला गेलं', 'पार्ट-आऊट केलं' असंच बोलतो. एप्रिल २०२० मध्ये एअरबसनं उत्पादन साधारण एक तृतीयांशानं कमी केलं तेव्हा तर दिवसभर हेच शब्द कानावर. मला विचाराल तर 'पार्किंगला' आणि 'स्टोरेजला' यात पण फरक ठेवा, पहिलं म्हणजे आठवडाभरात उडवता येतं, दुसरं म्हणजे महिनोन्‌महिने, आणि बाहेर काढताना मोठी तपासणी.

उद्यमबागकर:
हे मला पाहिजे होतं. भाऊ, मोठीच विमानं आधी का उभी केली ते पण थोडक्यात सांगतोस का, भाची विचारायलीय.

हत्तरगीवाला:
चार इंजिनं आणि पाचशेच्या आसपास सीटा. भरली तर परवडतं, अर्धी रिकामी गेली तर तेलाचा खर्च तेवढाच बसतो. दोन इंजिनांची ए३५०, ७८७ कमी माणसांत पण चालतात. शिवाय ए३८० ला सगळे विमानतळ चालत नाहीत, पंख जवळपास ऐंशी मीटर आहेत. एअरबसनं फेब्रुवारी २०१९ मध्येच उत्पादन थांबवायचं जाहीर केलं होतं, कोरोनानं फक्त घाई केली. शेवटचं डिसेंबर २०२१ ला एमिरेट्सला गेलं, गिऱ्हाइकांना एकूण २५१ दिली. आणि मग गंमत बघा, प्रवासी परत आले, बोइंगचं नवीन ७७७एक्स काही वेळेत येईना, तेव्हा ठेवलेल्यांची किंमत कळली. मोडलेली तर परत जोडता येत नाहीत. क्वांटासनं बारातली दोन मोडीत घालवली, दहाच राहिली.

खानापूरकर:
म्हणजे बैल बिनकामाचा म्हणून विकला आणि पुढच्या पेरणीला दुप्पट भावानं शोधत फिरायची पाळी आली, तसं झालं की हे. आमच्याकडं उभ्या बैलाला 'दावणीला आहे' म्हणतात, वैरण चालूच असते. मी 'धूळ खात' मागं घेतलं नाही तर ताई वर्गाबाहेर काढतील.

निपाणीकर ताई:
नाही हो, काढत नाही. 'दावणीला' सुंदर आहे, पण लेखात विमानाला लावलं तर समजावून सांगावं लागेल. एक वेगळी गोष्ट सांगते, 'भंगारात' शब्दाची. आपल्याकडं कन्नड बोलणारे शेजारी 'गुजरी' म्हणतात भंगाराला, आणि आपल्यातले पण कितीतरी लोक म्हणतात, 'जुनी सायकल गुजरीला घातली'. कोल्हापूरला तुम्ही गुजरीत जातो म्हणालात तर लोक समजतात सोनं घ्यायला चाललात, तिथं ती सराफांची पेठ. मराठीत गुजरी म्हणजे मुळात संध्याकाळी भरणारा बाजार. एकच शब्द घाट उतरेपर्यंत सोन्यावरनं लोखंडावर येतो. म्हणून लेखात 'गुजरी' टाळा, आणि 'भंगार' पण शेवटच्या पायरीलाच वापरा, सगळं काढून झाल्यावर जो पत्रा उरतो त्याला.

सांबरेवाला:
सरकारी मराठीत महाराष्ट्रात एसटीच्या गाड्यांना 'निर्लेखित' म्हणतात, यादीतनं नाव काढलं की. कागदावर चांगला, बोलायला जड. आपल्या डेपोत कुणी म्हणत नाही, 'स्क्रॅपला गेली' म्हणतात.

पण 'निवृत्त' अगदीच टाकू नका असं मला वाटतं. एअर इंडियाचं जंबो एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून शेवटचं उडालं, अमेरिकेत पार्ट काढायलाच चाललं होतं, उडाल्यावर वैमानिकानं पंख डुलवून निरोप दिला. त्या घटनेला 'मोडीत काढायला नेलं' लिहिलं तर माझ्या डोळ्यांना बोचतं. माणसानं इतकी वर्षं ज्याच्यावर काम केलं त्याला 'निवृत्त झालं' म्हणायचा हक्क आहे.

निपाणीकर ताई:
मान्य. फक्त ते परत येणार नाही हे नक्की असेल तिथंच. एअर फ्रान्सची ए३८० निवृत्त झाली, ब्रिटिश एअरवेजचा जंबोचा ताफा २०२० मध्ये निवृत्त झाला, हे चालेल. लुफ्थान्साची 'ठेवणीत' गेली होती. तेरुएलला उभी असताना कंपनीला स्वतःलाच माहीत नव्हतं परत येणार का, तर त्या काळासाठी 'उभी करून ठेवली' एवढंच लिहावं, त्यात आशा पण नाही आणि शेवट पण नाही.

उद्यमबागकर:
ताई, भाचीनं आत्ताच खोडून लिहायला घेतलं. शेवटचं एक, ठेवणीतनं काढून परत सेवेत आणणं याला काय म्हणायचं? 'पुनरुज्जीवन' तिनं लिहिलंय, मेलेलं जिवंत केल्यासारखं वाटतंय.

हत्तरगीवाला:
आम्ही मशीन बंद असली की 'चालती केली' म्हणतो. तसंच 'उडतं केलं' लिही म्हणावं.