उभ्या सागाचा व्यास: टेपने मोजावा की कॅलिपरने?

प्रश्न (विद्यार्थिनी, इंदूर)
नमस्कार. चोरलच्या बाजूला, डोंगरउतारावरच्या सागाच्या जंगलात आखलेल्या चौकटीतील प्रत्येक झाडाचा व्यास आम्हाला नोंदवायचा असून काही वर्षांनी तीच झाडे पुन्हा मोजून त्यांची वाढ काढायची आहे. टेपने घेर घेऊन काढलेला व्यास आणि कॅलिपरने (खोड दोन जबड्यांत धरून व्यास मोजायच्या साधनाने) घेतलेला व्यास जुळत नाहीत, विशेषतः खाचा असलेल्या बुंध्यांवर. कोणता आकडा धरावा, आणि उतारावर मोजणीच्या जागेची उंची कोठून धरावी?

उत्तर १ (निवृत्त वनकर्मचारी, इंदूर)
उभ्या झाडाचा व्यास छातीच्या उंचीवर घेतात. आपल्याकडे ही उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर, अनेक देशांत ती १.३ मीटर धरतात, म्हणून दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करण्याआधी हे पाहून घ्यावे. उतारावर चढाकडच्या बाजूला, पालापाचोळा सारून, मूळ जमिनीपासून उंची मोजावी. त्या लांबीची काठी जवळ असली की प्रत्येक झाडापाशी अंदाज करावा लागत नाही. झाड कललेले असेल तर उंची खोडाच्या दिशेने मोजावी आणि टेप खोडाला काटकोनात बसवावी. फाटा या उंचीच्या खाली असेल तर दोन झाडे धरावीत, वर असेल तर एकच. नेमकी गाठ आडवी आली, तर तिच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर मोजून सरासरी घ्यावी. वेली काढाव्यात आणि सुटलेली साल हाताने झाडावी, मात्र जिवंत साल कधीही तासू नये. कापडी टेप वापराने ताणली जाते, त्यामुळे पोलादी किंवा फायबरग्लासची घ्यावी.

उत्तर २ (गणिताचे प्राध्यापक, इंदूर)
तुमचे आकडे न जुळण्याचे कारण भूमितीत आहे. घेराला ३.१४१६ ने भागताना आपण खोड वर्तुळाकार असल्याचे मानतो, म्हणून ९४.२ सेंटिमीटर घेराचा व्यास ३० सेंटिमीटर येतो. पण दिलेल्या घेरात सर्वांत जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचेच असते. शिवाय टेप खाचांत न शिरता त्यांच्यावरून सरळ जाते, त्यामुळे ओबडधोबड बुंध्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ टेपने नेहमी थोडे जास्तच निघते. कॅलिपरने एकमेकांना काटकोनात दोन मापे घेऊन सरासरी काढली तर एका वेळच्या अंदाजाला ती चालते, परंतु दिशा जरा बदलली की आकडाही बदलतो. तुम्हाला वाढ काढायची आहे, म्हणून मी टेपच सुचवीन, कारण तिची चूक दोन्ही वेळी जवळपास सारखी राहते. व्यासातील दोन टक्के चूक क्षेत्रफळात चार टक्के होते, हे ध्यानात ठेवावे. मांडवच्या गोरखचिंचेसारख्या अवाढव्य खोडाला तर नेहमीचे कॅलिपर पुरणारच नाही.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. संपूर्ण चौकटीसाठी व्यासांची साधी सरासरी चालेल का?

उत्तर २
लाकडाचा अंदाज हवा असेल तर नाही. २० आणि ४० सेंटिमीटरच्या दोन झाडांची साधी सरासरी ३० येते, पण वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ ३१.६ येते, आणि क्षेत्रफळाशी तेच जुळते.

उत्तर १
वनविभागाची परवानगी घेऊन मोजणीच्या जागी रंगाची बारीक आडवी रेघ ओढावी. पुढच्या वेळी टेप त्याच रेघेवर बसवावी, मग मधल्या काळात पायथ्याशी माती साचली किंवा वाहून गेली तरी मोजणीत फरक पडणार नाही.