बाहेरून पदवी करायची आहे, नीट माहिती कोण देईल? (डिचोली, गोवा)

डिचोलीकरीण:
बारावीनंतर सगळं सुटलं. आता कंपनीत सुपरवायझरसाठी पदवी मागतात. बी.कॉम. म्हणतेय. बजेट वर्षाला दहा हजार, शिफ्ट ड्यूटी. एक एजंट तीस हजारांत 'एका वर्षात पदवी' म्हणतो. काय करू?

कुंडईवाला:
त्याला लांबूनच नमस्कार करा. पदवीला साधारण 3 वर्षं लागतात. यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) साइटवर विद्यापीठाचं आणि कोर्सचं नाव आधी बघा. मी इग्नूतून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) केलं. क्लास नाही, काही नाही, फर्स्ट क्लास!

शिरगावची:
क्लास नाही म्हणून काय मिरवता! अभ्यास जमतो हो, माहिती नसली की माणूस अडकतो. माझ्या भावजयीने चवथीच्या गडबडीत, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून असाइनमेंट हाताने लिहून काढल्या. पण परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो हे कोणी सांगितलंच नाही. सहा महिने वाया गेले.

फोंडेकर:
मराठीतून हवं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. माझ्या मेहुण्याने केलंय.

कुंडईवाला:
मेहुणा राहतो कुडाळला. त्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र महाराष्ट्र.

फोंडेकर:
डिचोलीहून महाराष्ट्रातलं दोडामार्ग असं किती लांब आहे?

कुंडईवाला:
प्रश्न हद्दीचा आहे, अंतराचा नाही!

दुबईरिटर्न:
थोडे पैसे जास्त टाका आणि थेट ऑनलाइन एमबीए करा. मी दीड लाख भरले, वसूल झाले.

शिरगावची:
अहो, पदवीच नाही तर एमबीए कुठलं? ताई, हे लिहून ठेवा. इग्नूत असाइनमेंटना साधारण 30 टक्के, परीक्षेला 70, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पुढच्या वर्षाची फी निकालाची वाट न बघता भरायची. 3 वर्षांच्या कोर्सला 6 वर्षं मुदत असते, म्हणजे नाइट शिफ्ट लागली तर एखादा पेपर मागे ठेवता येतो. पुस्तकं इग्नूच्या ईज्ञानकोश साइटवर फुकट आहेत, फी भरण्याआधी दोन धडे वाचून बघा.

फोंडेकर:
असाइनमेंट आणि परीक्षा दोन्हींत पास व्हावं लागतं, लक्षात ठेवा.

कुंडईवाला:
तेच आत्ता सांगितलं त्यांनी.

डिचोलीकरीण:
धडे वाचले. अकाउंट्स डोक्यावरून गेलं. कंपनीत विचारलं, कुठलीही पदवी चालते म्हणाले. मग काल इग्नूच्या पणजी केंद्रावर जाऊन आले. बी.ए. घेतेय, हिंदी माध्यमातून.

कुंडईवाला:
बी.ए.?! बी.कॉम.च घ्या, पस्तावाल.

दुबईरिटर्न:
एमबीएचा विचार करा अजून.

डिचोलीकरीण:
फी भरली. एजंटचे रोज फोन येताहेत, नंबर बदलून बदलून. ते कसे बंद करायचे तेवढं सांगा.