पूर्ण जीवन अर्पण करायचं म्हणजे गिरणी बंद करायची का?

दळणवाला

जय ख्रिस्त मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ.

राहुरी तालुक्यात आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी चालवतो. दोन दगड आहेत, एक गहू-ज्वारीला आणि एक बाजरी-डाळीला. वय एकोणचाळीस. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. मोटारीचं कर्ज फिटायला अजून चौदा हप्ते आहेत.

गेल्या महिन्यात तालुक्याला तीन दिवसांची उज्जीवन सभा होती. शेवटच्या रात्री बाहेरून आलेल्या प्रचारकांनी बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय घेतला, पहिलंच वचन. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करा. बोलले छान, खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी आलं. मग म्हणाले, रविवारचे दोन तास देवाला आणि बाकीचा आठवडा स्वतःला, याला समर्पण म्हणत नाहीत; ज्यांना पूर्ण जीवन द्यायचंय त्यांनी पुढं या. मी गेलो. माझ्यासोबत चार पोरं होती, विशी-बाविशीची. आम्हाला एकेक कार्ड दिलं. त्यावर नाव, फोन नंबर आणि खाली तीन चौकोन: पूर्णवेळ सेवा, अर्धवेळ सेवा, प्रार्थना. चौघांनी पहिल्या चौकोनात खूण केली. दोघं आता बायबल कॉलेजला निघालेत. माझं कार्ड कोरंच घरी आलं. बायबलमध्ये ठेवलंय.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "बरं. मग गावाचं दळण कोण दळणार?" चेष्टेनं नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

माझा प्रश्न एवढाच. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत मी पिठात असतो. भुवया पांढऱ्या, नाकात पीठ, कानात मोटारीचा आवाज. त्या आवाजात प्रार्थनासुद्धा धड होत नाही. अशा माणसाचं "पूर्ण जीवन" देवाला कसं द्यायचं? गिरणी भाड्यानं देऊन सेवेत जावं, की दुसऱ्या चौकोनात खूण करून गप्प बसावं? कुणाला अनुभव असेल तर सांगा. नुसती वचनं टाकू नका, ती मला पाठ आहेत.

---

निवृत्त सिस्टर

भाऊ, वचन पाठ आहे म्हणता, तर एक शब्द परत वाचा. पौल "आत्मे अर्पण करा" म्हणत नाही, "मनं" म्हणत नाही. शरीरं म्हणतो. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली. माझं शरीर म्हणजे काय होतं? फुगलेले पाय, दुखणारी कंबर आणि साबणानं चिरलेले हात. अर्धांगवायूच्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला फोड येऊन जखम होते. रात्री दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता. नाइट ड्युटीला मी एकही गीत म्हटलेलं नाही. रविवारची उपासना तर महिन्यातून एकदाच जमायची.

सुरुवातीला मलाही वाटायचं, आपण देवाला उरलंसुरलं देतोय. आमच्या मेट्रन बाई जुन्या वळणाच्या. एकदा मी चादर ओढूनताणून, सुरकुती तशीच ठेवून पुढं गेले. त्यांनी मला परत बोलावलं, सुरकुतीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं येशू झोपलाय असं समज, मग सांग चालेल का." लहानातल्या लहानासाठी केलं ते माझ्यासाठी केलं, असं येशू म्हणतो, त्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलंच होतं ते, पण मी तोवर फक्त उपदेशात ऐकलेलं. त्या सुरकुतीनंच फोड येतो हो, देवभक्ती बाजूला ठेवली तरी.

तुमच्या कामात ती सुरकुती कुठं आहे, ते तुम्हालाच ठाऊक.

---

नांगर आणि मागे

दळणवाले, इथं सगळे तुम्हाला "जिथं आहात तिथंच राहा" सांगतील, कारण ते ऐकायला बरं वाटतं. मी दुसरी बाजू मांडतो. येशूनं हाक मारली तशी पेत्र आणि अंद्रिया या कोळ्यांनी जाळी तिथंच सोडली आणि त्याच्यामागं निघाले. याकोब आणि योहान यांनी तर बापाला तारवात सोडलं. प्रत्येक हाक "तुमच्याच दुकानात देवाची सेवा करा" एवढीच असती तर सुवार्ता गालीलाच्या बाहेर पडली नसती. ती चार पोरं भावनेच्या भरात गेली असं समजू नका. मी स्वतः बँकेतली नोकरी सोडून आठ वर्षं खेडोपाडी फिरतोय. हाल आहेत, पण पश्चात्ताप नाही.

---

पाळकीणबाई

वरच्या भावांच्या आठ वर्षांचा आदर ठेवूनच लिहिते. त्या आठ वर्षांत घरी कोण होतं, तेही कधीतरी लिहा.

आपण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं डोळे मिटून गातो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं, संन्यास घेतला, देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. ९ मे १९१९ ला ते गेले. समर्पण खरंच होतं, माझ्या मनात शंका नाही. पण त्याआधीची सगळी वर्षं, घरातली पै-पै बाहेर वाटली जात असताना चूल कुणी पेटती ठेवली? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. अक्षरओळखही लग्नानंतर झालेली ती बाई. टिळकांचं ख्रिस्तायन हे येशूवरचं महाकाव्य अपुरं राहिलं, तेही पुढं तिनंच नेलं. मग यज्ञ एकट्या टिळकांचा मोजायचा का?

दळणवाले भाऊ, तुमच्या बायकोनं विचारलेला प्रश्न मला सभेतल्या प्रवचनाहून जास्त आध्यात्मिक वाटला. आमच्या ह्यांना हा धागा दाखवलाय, जेवण झालं की लिहितो म्हणाले.

---

पाळक (वरच्या बाईंचा नवरा)

जेवण झालं.

तीन गोष्टी लिहितो. प्रवचन करणार नाही, घरून सक्त ताकीद आहे.

ते वचन "म्हणून" या शब्दानं सुरू होतं. त्याआधी पौलानं अकरा अध्याय देवानं काय केलं ते सांगितलंय. म्हणजे अर्पण हे देवाला वश करण्यासाठी नाही, त्यानं आधीच दया केली म्हणून आहे. कार्डावर कुठल्या चौकोनात खूण केली त्यावरून देव तुमच्यावर जास्त-कमी खूश होणार नाही.

दुसरं, आपल्या भाषांतरात "आध्यात्मिक सेवा" आहे, तिथं मूळ ग्रीक शब्द लात्रेइया. मंदिरातल्या उपासनेसाठी वापरायचा शब्द. पौलानं तो मंदिरातून उचलला आणि माणसाच्या अंगावर आणून ठेवला. आणि पुढं तो अध्याय कुठं जातो बघा: गरजवंतांना वाटा द्या, पाहुण्यांना घरात घ्या, रडणाऱ्यांबरोबर रडा, शत्रूला भूक लागली तर जेवू घाला. यातलं एकही काम देवळात होत नाही. हे पत्र पौलानं करिंथाहून लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच करिंथात तो पूर्वी अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या जोडप्याच्या घरी राहून तंबू करायचा. राठ कापड किंवा कातडं, दाभण, दोरा. त्याच्या कानातही काहीतरी आवाज असणारच.

तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि सभांमधून कुणी सांगत नाही. मूळ वाक्यात "शरीरे" अनेकवचनी आहे, "यज्ञ" मात्र एकवचनी. शरीरं पुष्कळ, यज्ञ एक. आपण हे वचन एकेकट्याला पुढं बोलावण्यासाठी वापरतो, पौल अख्ख्या मंडळीला एकत्र वेदीवर ठेवतोय. तेव्हा निर्णय एकट्यानं घेऊ नका. बायको, तुमचे पाळक, दोन वडीलधारे यांना बसवा आणि बोला. हाक खरी असेल तर ती त्यांनाही ऐकू येईल. तरीही जायचं ठरलं तर जा, मी स्वतः शिफारसपत्र देईन. वरचे बँकेवाले बंधू म्हणतात त्यातही खोट नाही. काहींना जाळी सोडावीच लागतात.

---

वसईकर

मी कॅथलिक आहे, चालत असेल तर दोन ओळी. आमच्याकडं मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू त्यांना भूमीचं आणि माणसाच्या हातांच्या कष्टांचं फळ म्हणतात. गव्हाचं कणीस कुणी वेदीवर ठेवत नाही, द्राक्षाचा घडही नाही. मध्ये कुणीतरी दळलेलं असतं, मळलेलं असतं, भाजलेलं असतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की प्रापंचिक माणसाचं रोजचं काम, संसार, अगदी विश्रांतीसुद्धा पवित्र आत्म्यात केली तर आध्यात्मिक यज्ञ होते. माझी आजी हे काही वाचलेली नव्हती. केळीच्या वाडीत पाणी सोडताना पहिला पाट फोडायच्या आधी क्रुसाची खूण करायची, एवढंच.

दादा, तुमच्या गिरणीशिवाय आमची वेदी रिकामी आहे, हे गंमत म्हणून सांगत नाही.

---

दळणवाला

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण सिस्टरबाईंची ती सुरकुती डोक्यातून जाईना. इथं मला कुणी ओळखत नाही, म्हणून लिहितो.

गिरणीच्या तोंडाला कापडाची बाही असते. पीठ त्यातून डब्यात पडतं. दळण संपलं की बाही दोन-तीनदा झटकायची, मग आत चिकटलेलं पीठ खाली येतं. झटकली नाही तर मूठ-दीड मूठ आत राहतं. पुढचं दळण सुरू झालं की ते त्यात जातं, त्याचं राहिलेलं त्याच्या पुढच्यात. तोवर कुणाचं नुकसान नाही. पण दिवसातून पाच-सहा वेळा, गर्दी कमी असली की, मी मधेच बाही माझ्या पिंपात झटकतो. रात्री अर्धा-पाऊण किलो पीठ जमतं. घरच्या भाकरी-चपात्या बऱ्याचशा त्यावरच. कुणी विचारलं तर "दळणात तूट येतेच" हे उत्तर ठरलेलं. तूट येतेही, थोडं पीठ उडतं, थोडं दगडात राहतं. त्या खऱ्या तुटीच्या आड माझी मूठ खपून जाते. वडील असंच करायचे. सगळेच करतात.

परवा रात्री बायबलमधलं लेवीय पुस्तक उघडलं. पाळकसाहेबांनी वेदीचं लिहिलं म्हणून यज्ञ काय काय असतात ते बघत होतो. पहिल्या अध्यायात होमबली, अख्खा जनावर जाळायचा. ते माझ्या डोक्यावरून गेलं. दुसऱ्या अध्यायात अन्नबली. आणि तो कशाचा? सपिठाचा! इतकी वर्षं बायबल वाचतोय आणि माझ्या धंद्याचा यज्ञ तिथं आहे हे कधी दिसलं नव्हतं. त्यावर तेल ओतायचं, धूप ठेवायचा, मीठ घालायचंच, खमीर आणि मध चालत नाही. आणि याजकानं त्यातलं मूठभर घेऊन देवासाठी वेदीवर जाळायचं.

मूठभर.

तिथं पुस्तक मिटलं. कार्डावर पूर्ण जीवन लिहायला निघालो होतो आणि देवाची मूठ रोज माझ्या पिंपात पडत होती.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला माहीत होतं. म्हणजे काय, पीठ तीच मळते ना.

कालपासून प्रत्येक डब्याला बाही त्याच डब्यात झटकतोय, तीनदा. वेळ जास्त लागतो, रांग वाढते. शेजारच्या आळीतली एक म्हातारी पाच किलो बाजरी आणते, दर आठवड्याला. घरी जाऊन मोजते, मला ठाऊक आहे, पण कधी बोलली नाही. आज संध्याकाळी परत आली. मला वाटलं, जुनं सगळं काढते आता. म्हणाली, "तुझा काटा बिघडलाय का रे? पीठ जास्त भरतंय."

काय बोलणार? आजी, आधी बिघडला होता, म्हणालो. तिला काही कळलं नाही, किंवा सगळं कळलं. आयत्या वेळी जास्त सांगायचं धाडस झालं नाही, तेवढं बाकी आहे.

---

निवृत्त सिस्टर

भाऊ, तेवढंही सांगून टाका. म्हाताऱ्या माणसांचा भरवसा नसतो, मी पण त्यातलीच.

---

नांगर आणि मागे

माझ्या घरी बायको शिवणकाम करत होती. आठही वर्षं. पाळकीणबाईंनी विचारलं म्हणून लिहिलं.

---

पाळकीणबाई

त्यांना आमचा सलाम सांगा भाऊ.

दळणवाले, आमच्याकडं पुढच्या महिन्यात हंगामाचा सण आहे. लोक भोपळे, कोंबड्या, ज्वारीची पोती आणतात, मग लिलाव. तुमच्या मंडळीतही असेल. यंदा पिंपातलं पीठ नेऊ नका. पदरचे गहू विकत घ्या, दळा, ते न्या.

---

दळणवाला

पिंप धुऊन पालथं घातलंय. गहू घेतो.

कार्डाचं अजून ठरलं नाही. रविवारी उपासनेनंतर आमचे पाळक आणि दोन वडीलधारे घरी जेवायला येणार आहेत, बायको स्वतः बोलणार म्हणते. मुलगी म्हणाली, बाबा, तिन्ही चौकोनांत खूण करा. बघू.

लाईट आली, तेरा डबे रांगेत आहेत. येतो.